रविवारचा फोन

ठोकळा हे नाव त्याला होस्टेलवर पडलं आणि असं चिकटलं की हजेरी घेताना एकदा प्रोफेसरांच्या तोंडूनही तेच निघालं. एक तर त्याचा आवडता विषय काँक्रीट. दुसरं म्हणजे त्याचं बोलणं, म्हणजे न बोलणं. चार जण गप्पा मारत बसले की हा पाचवा भिंतीला टेकून ऐकायचा, आणि काही विचारलंच तर 'हो', 'नाही' किंवा 'बघू' म्हणायचा. यातलं 'बघू' हे त्याचं सगळ्यात लांबलचक भाषण. मुलगा वाईट नव्हता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण अशा सज्जन माणसांच्या हातूनही जगात बरंच नुकसान होतं, आणि त्याबद्दल त्यांना कुणी बोलत नाही.

पुढे शिकायला तो परदेशी गेला तेव्हाही काँक्रीटच घेऊन बसला. प्रयोगशाळा तळघरात. साच्यात काँक्रीट ओतायचं, दुसऱ्या दिवशी ठोकळे सोडवायचे, खडूने नंबर घालायचे आणि पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे. काही ठोकळे सातव्या दिवशी यंत्राखाली दाबून फोडायचे, उरलेले अठ्ठाविसाव्या दिवशी. कितव्या टनाला फुटला ते लिहायचं. टाकीतल्या ठोकळ्यांना सुट्टी नसते, म्हणून यालाही नव्हती. निदान तो सगळ्यांना तसं सांगायचा.

घरी दोनच माणसं. बाबा, आणि त्याच गावात नवऱ्याच्या घरी राहणारी ताई. ठोकळा तिसरीत असताना आई गेली. बाबांनी एकतीस वर्षं टेलिफोनच्या ऑफिसात काढली, आधी फोन जोडून द्यायला आणि नंतर तक्रारी ऐकायला. नुसत्या 'हॅलो'वरून ते माणूस ओळखायचे. निवृत्त झाल्यावर काचबिंदूने दोन्ही डोळे नेले, आता उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढंच कळतं. स्वयंपाकाची बाई सकाळी येऊन जाते. बाकी दिवसभर बाबा, त्यांची वेताची खुर्ची आणि खुर्चीच्या हाताशी ठेवलेला जुना टेलिफोन. त्याला पडदा नाही की कुणाचा फोन आला याची नोंद नाही. मोबाइल त्यांना नको होता. हातात धरल्यासारखंच वाटत नाही, म्हणायचे.

हिवाळ्याच्या तोंडावर ताईचा फोन आला. बाबांचं काहीतरी बिनसलं होतं. ते सगळ्यांना सांगत सुटले होते की धाकटा दर रविवारी फोन करतो, तास-तास बोलतो. आपली प्रयोगशाळा काय सांगतो, जेवण काय सांगतो, बर्फात कसा घसरला ते रंगवून सांगतो. शेजाऱ्यांना, स्वयंपाकाच्या बाईला, सगळ्यांना तेच.

ठोकळ्याने सरळ सांगितलं की रविवारी त्याने एकदाही फोन केलेला नाही. तो करायचा तीन-चार आठवड्यांतून एखाद्या बुधवारी, टाकीतलं पाणी बदलायला लावून, जेमतेम पाच मिनिटं. हे सांगताना त्याला थोडी लाज वाटली, पण खोटं तरी कशाला बोलायचं.

मग एका रविवारी ताई दुपारची ड्यूटी सोडून मुद्दाम घरी गेली. बाबा रिसीव्हर कानाला लावून बोलत होते. अगदी रंगात आले होते. ताईने तो हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या कानाला लावला. पलीकडे कोणीच नव्हतं, नुसता टूऽऽ असा आवाज चालू होता. ताई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, घाबरणारी बाई नाही. पण ते सांगताना तिचा आवाज कापत होता. ते त्या टूऽऽशी हसत होते रे, म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, वय आहे, अंधार आहे, एकटेपणा आहे. दिसायचं थांबलं की काही जणांना ऐकू यायला लागतं. आज फोन ऐकू येतोय, उद्या दाराची बेल ऐकू येईल आणि ते जिन्यावरून खाली उतरतील. एकटं ठेवू नका. ताईच्या घरात सासू अंथरुणाला खिळलेली, तिथे जागा नव्हती. तिने म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एक संस्था पाहिली. तिथली एक खोली सोमवार दुपारपर्यंत राखून ठेवली होती. दोन्ही मुलांची संमती लागणार होती. बाबा तिथे गेले की राहतं घर बंद करायचं. तू तिकडून उंटावरून शेळ्या हाकू नकोस, ताई म्हणाली, हो की नाही एवढंच सोमवारच्या आत कळव.

ठोकळा म्हणाला, "बघू."

आणि शुक्रवारी संध्याकाळी तो गाडीत बसून सीमेपलीकडे मित्रांना भेटायला निघून गेला. महिनाभर आधी ठरलेलं होतं. गाडीच्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता आणि त्यामागून काळी शेतं पळत होती. मनात एकच विचार होता. जिथला कोपरा न् कोपरा हाताला पाठ आहे ते घर सोडून आंधळ्या माणसाला नव्या खोलीत ठेवायचं, म्हणजे त्याचे डोळे दुसऱ्यांदा काढून घ्यायचे. पण खरंच डोकं फिरलं असेल तर?

होस्टेलवरच्या कंपूतले तिघेच इकडे शिकायला आले होते, तेही तीन वेगवेगळ्या देशांत. डॉक्टरीण जनावरांची डॉक्टर होत होती. बोलण्यात फटकळ आणि हाताने हळुवार. ती बसने बारा तास प्रवास करून आली होती. आणि घर होतं टेपचं.

टेप म्हणजे टेपरेकॉर्डर. कुणाचाही आवाज एकदा ऐकला की त्याच्या गळ्यात बसायचा. प्राचार्य, खानावळीचा मालक, रेल्वेच्या घोषणा करणारी बाई, कुणीही. आईवडील लहानपणीच गेलेले, मामाकडे वाढला. मामाने शिकवलं, पण होस्टेलला टाकल्यावर चौकशी म्हणून केली नाही. रविवारी सगळ्यांचे घरून फोन यायचे तेव्हा टेप कॉरिडॉरमध्ये बूट पुसत बसायचा.

आता तो दुभाषा होण्याचं शिक्षण घेत होता. शनिवारी त्याने दोघांना आपली शाळा दाखवली. लांबलचक सभागृह, भिंतीला लागून काचेच्या लहान लहान खोल्या, प्रत्येकीत दोन खुर्च्या, माइक, कानाला लावायचे हेडफोन. सुट्टीचा दिवस, सभागृहात चिटपाखरू नव्हतं. टेप एका काचेमागे जाऊन बसला आणि त्याने हेडफोन लावले. त्यांच्या धंद्याचा पहिला नियम त्याने समजावून सांगितला. समोरचा वक्ता काहीही बोलो, दुभाष्याने 'ते म्हणतात' असं म्हणायचं नाही. 'मी' म्हणायचं. वक्ता म्हणाला मला दुःख झालं, तर तुम्हीही म्हणायचं, मला दुःख झालं. वक्ता रडला तर आवाज तेवढाच जड करायचा. ऐकणाऱ्याला मध्ये कोणी आहे हे जाणवता कामा नये.

मग त्याने गंमत म्हणून माइक सुरू केला. रिकाम्या सभागृहात खानावळीचा मालक बोलला, प्राचार्य बोलले. डॉक्टरीण हसली. मग टेप तिच्याच आवाजात बोलला, तिने सकाळी बसबद्दल केलेली कुरकूर शब्दन् शब्द. काचेमागे त्याचे ओठ हलत होते आणि तिचा आवाज तिच्या मागच्या भिंतीतून येत होता. तिने बंद कर म्हणून सांगितलं. हसत सांगितलं, पण दोनदा सांगितलं.

परत येताना टेप पुढे होता तेव्हा तिने ठोकळ्याला हळूच विचारलं, "याचा स्वतःचा आवाज कसा आहे, आठवतो तुला?"

ठोकळ्याने आठवून पाहिलं. आठवेना. दिवसभर टेप बोलत होता, पण आता कानात काहीच उरलं नव्हतं. भर दुपारी त्याच्या मानेवर काटा आला. थंडी आहे, असं त्याने स्वतःला समजावलं.

संध्याकाळी जेवताना ठोकळ्याने बाबांचं सांगितलं. त्याच्या मानाने पुष्कळच बोलला. रविवारचे भास, रिसीव्हर, डॉक्टर, सोमवारची मुदत. डॉक्टरिणीने नीट ऐकून घेतलं. म्हातारं जनावर गोठा बदलला की खाणं सोडतं, म्हणाली, आणि पुढे असंही म्हणाली की बाबांना भेटल्याशिवाय हो म्हणू नकोस. टेप ताटं उचलून मोरीपाशी गेला आणि पाठ करून धुवायला लागला. बराच वेळ एकच ताट धूत होता.

मग तसाच पाठमोरा म्हणाला, "बाबांना कुणी विचारलं का?"

तुझ्या बाबांना नाही. बाबांना. ठोकळ्याला ते खटकलं, पण कुठे खटकलं ते कळलं नाही. तो म्हणाला, त्यांना काय विचारायचं, त्यांनाच तर भास होतात. टेपने नळ मोठा सोडला.

रविवारी सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. ठोकळा आणि डॉक्टरीण पाव आणायला निघाले. टेप म्हणाला, तुम्ही जा, मला थोडं काम आहे. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर ठोकळ्याच्या लक्षात आलं की हातमोजे राहिले. तो एकटाच परत फिरला आणि तीन जिने चढला. दार लोटलेलं होतं.

आतून त्याचाच आवाज येत होता.

तो थबकला. आपला आवाज आपल्याला बाहेरून कसा ऐकू येतो हे माणसाला सहसा माहीत नसतं. त्याला माहीत होतं, प्रयोगशाळेत नोंदीसाठी तो स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करायचा. तोच किंचित नाकातला सूर, 'नाही' म्हणण्याआधी तीच छोटीशी अडखळ. आत कोणीतरी तो होऊन बोलत होता, पण तो कधीच बोलला नव्हता तसा. भरभरून, पाय पसरून, घाई नसलेल्या माणसासारखा.

"नाही हो बाबा, सातव्या दिवसाचा लवकर फुटला म्हणून एवढं नाही घाबरायचं. अठ्ठाविसाव्याचं बघायचं. आई गेली तेव्हा तुम्हीच म्हणायचात ना, घाईने निकाल लावू नये."

मग थांबणं. ऐकणं. एक हलकं हसू.

"आईच्या चपला? आठवतात की. दवाखान्यातून तुम्ही पिशवीत घालून आणल्या होत्या. मी त्या दाराबाहेर जोडीने मांडून ठेवल्या. ती आली की सापडाव्यात म्हणून. तुम्ही कितीतरी दिवस त्या हलवल्या नाहीत."

ठोकळ्याने जिन्याचा कठडा धरला. हे त्याने आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. तो स्वतःच विसरला होता. आणि आता आतला तो ते आठवून सांगत होता, त्याच्यापेक्षा नीट.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. होस्टेलवर दुसऱ्या वर्षी त्याला टायफॉइड झाला होता. बाबांना काळजी नको म्हणून रविवारचा फोन टेपने घेतला होता, ठोकळ्याच्या आवाजात. बाबांना कळलं नाही म्हणून पोरं खूश झाली. मग परीक्षेच्या दिवसांत पुन्हा. मग कंटाळा आला की पुन्हा. कपडे धोब्याकडे टाकावेत तसे या मुलांनी आपले आईवडील टेपकडे टाकले होते, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. इकडे आल्यावर पहिल्या महिन्यात प्रयोगशाळेची धांदल, तेव्हा ठोकळ्याने टेपला लिहिलं होतं, दोन-चार रविवार सांभाळशील का. टेपने होकार कळवला होता. आणि थांब म्हणून सांगायला ठोकळा विसरला. सव्वा वर्ष झालं होतं.

बाबांना भास होत नव्हते. ज्या चुकीपायी त्यांचं घर जाणार होतं ती चूक त्याची होती, आणि तीही साधी, विसरण्याची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं कारण त्याच्यापाशी होतं आणि ताई डॉक्टरांना विचारत फिरत होती. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

त्याने दार ढकललं. टेप खिडकीपाशी उन्हात बसला होता, डोळे मिटून. डोळे उघडून त्याने ठोकळ्याकडे पाहिलं. दचकला नाही. फोनमध्ये, ठोकळ्याच्याच आवाजात म्हणाला, "थांबा हं बाबा, दारात कोणीतरी आलंय."

आणि त्याने फोन पुढे केला. त्याच्या चेहऱ्यावर ना ओशाळलेपण होतं ना काही. धुऊन पालथ्या घातलेल्या ताटासारखा चेहरा.

ठोकळ्याने फोन कानाला लावला. पलीकडे खुर्ची करकरली. तो म्हणाला, "बाबा, मी बोलतोय."

बाबा म्हणाले, "तू तर बुधवारचा. आज रविवारी कसा?"

ठोकळा जमिनीवरच बसला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच रविवारी कळलं. होस्टेलवरच्या रविवारी. एकतीस वर्षं आवाजच ऐकलेत मी. तो बोलण्याआधी श्वास घेतो, तू बोलून झाल्यावर घेतोस."

"मग ताईला का नाही सांगितलंत? डॉक्टरांना का नाही? ती तुम्हाला वेडं समजतेय बाबा. घर बंद करायला निघालीय."

"मला माहीत आहे." बाबांचा आवाज तक्रारी ऐकून घेतानाचा होता, समजूतदार, थोडा थकलेला. "त्या दिवशी ती आली तेव्हा मीच बोटाने फोन तोडला. तिने त्याचा आवाज ऐकला असता तर तुला विचारलं असतं. तू नाही म्हणाला असतास, तो लाजला असता आणि फोन बंद झाला असता. शहाणा ठरून मी या खुर्चीत काय करू? त्या नव्या जागी खोलीत फोन मिळतो का, एवढंच मी विचारून घेतलं. मिळतो म्हणाले."

ठोकळ्याला रडू आलं. त्याने ते दाबलं नाही. पलीकडे बाबा थांबून राहिले, जसं लाइन लागेपर्यंत थांबतात. मी दर रविवारी करीन, तो म्हणाला. खरंच करीन. ताईला आत्ता सांगतो, तुम्ही कुठेही जायचं नाही.

"सांग. घर राहिलं तर बरंच आहे," बाबा म्हणाले. "तूही करत जा. पण आता त्याला दे. त्याचं बोलणं अर्धं राहिलंय."

ठोकळ्याने फोन परत दिला. दुसरं काय करणार? टेपने तो घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. ठोकळा बाहेर आला, दार ओढून घेऊन जिन्याच्या पायरीवर बसला आणि आपल्या मोबाइलवरून त्याने ताईला फोन लावला. 'बघू' म्हणायची सोय नव्हती. होस्टेलपासून सगळं सांगितलं, एकही गोष्ट गाळली नाही. आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं त्याने त्या पायरीवर केलं. मध्येच डॉक्टरीण पाव घेऊन वर आली. पायरीवर ठोकळा बोलत होता आणि बंद दाराआड ठोकळाच बोलत होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि ती पिशवी छातीशी धरून दोन पायऱ्या खाली उतरून उभी राहिली.

ताई भडकली. डॉक्टरांपुढे, शेजाऱ्यांपुढे, स्वतःच्या सासूपुढे तिने बापाला वेडा ठरवलं होतं, आणि हे दोन दिवटे तिकडे बसून आवाजांची देवघेव करत होते. तिला जे बोलायचं होतं ते ती बोलली, आणि त्यातला शब्दन् शब्द ठोकळ्याला लागू होता. मग रागातला रडवेपणा ओसरला. उद्या सकाळीच खोली नको म्हणून कळवते, म्हणाली. संध्याकाळी बाबांकडे जाते, त्यांच्या पायाशी बसते.

तेवढ्यात दाराआड जोरात हसू फुटलं. मोकळं, वर चढत जाणारं, शेवटी श्वास अडकणारं. जिन्यात ते वरपासून खालपर्यंत घुमलं.

ताई बोलता बोलता थांबली.

"कोण रे हसलं?"

ठोकळ्याने सांगितलं, टेप, बाबांशी बोलतोय.

"नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "हे तुझं हसू आहे. आई असताना तू असा हसायचास. त्यानंतर मी हे कधी ऐकलं नाही. याला कुठे सापडलं?"

ठोकळ्याने तसं हसून पाहिलं. त्याला जमलं नाही.